माकूल लहान का राहते?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात विज्ञान मंडळातर्फे कोणीतरी दोन शब्द बोलावेत असे ठरले आणि ती जबाबदारी माझ्यावर आली. मी बी. ए., बी. एड. झालेला, भूगोल आणि मराठी शिकवणारा माणूस. प्रयोगशाळेशी माझा संबंध किल्ली आणून देण्यापुरताच. तेव्हा मी आज जे सांगणार आहे ते तज्ज्ञ म्हणून नव्हे. माझ्या हातून एक चूक झाली, ती एका कोळीण मावशीने सुधारली आणि त्या निमित्ताने माझे थोडे वाचन झाले, म्हणून सांगणार आहे.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात क्षेत्रभेटीसाठी गेलो होतो. अंधेरीला राहून ज्याने वर्सोव्याचे बंदर पाहिले नाही, त्याने भूगोलाचे अर्धे पुस्तक वाचलेच नाही असे मी मुलांना नेहमी सांगतो. बाजारात एका मावशींच्या पाटीत माकुले होती. कोकणात आपल्यापैकी काहीजण त्यांना म्हाकूळ म्हणतात, इंग्रजी शाळेतली मुले स्क्विड म्हणतात. ती माकुले जेमतेम माझ्या तळहाताएवढी होती. मी लगेच मास्तरी आवाजात सुरू केले, "पाहा मुलांनो, ही पिल्ले. यांना वाढू न देता पकडणे म्हणजे माणसाची हाव."

मावशींनी सर्व ऐकून घेतले. मग त्यांनी एक माकूल उचलले, विळीवर उभे चिरले आणि पोट उघडून माझ्यासमोर धरले. आत भिजलेल्या साबुदाण्याच्या कणीसारखी अंडी गच्च भरली होती. त्या म्हणाल्या, "मास्तर, ही पोर नाय, ही आयस हाय."

मुले हसली. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत मनात एकच प्रश्न घोळत राहिला. त्याच बाजारात पलीकडच्या पाटीत त्याच जातीची वीतभर लांबीची माकुले होती. मग एक वीतभर वाढते आणि दुसरे तळहाताएवढे असतानाच आई का होते? आज मी या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. माकूल हा मासा नव्हे. तो गोगलगाय आणि शिंपल्यांच्या कुळातला, पण बाहेरचे कवच टाकून दिलेला प्राणी आहे. त्या कवचाची आठवण म्हणून त्याच्या पाठीत एक पारदर्शक, पिसासारखी पट्टी उरली आहे. तिला शास्त्रज्ञ 'पेन' म्हणतात. पोटात शाईची पिशवी असतेच. म्हणजे दौत आणि टाक दोन्ही जवळ बाळगणारा हा जीव आहे! आपल्या किनाऱ्यावर जे माकूल सर्वांत जास्त मिळते त्याचे शास्त्रीय नाव युरोट्यूथिस डुव्हॉसेली. जुन्या पुस्तकांत ते लोलिगो डुव्हॉसेली या नावाने सापडेल. १८२४ साली मद्रासेत मरण पावलेल्या डुव्हॉसेल नावाच्या तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाची ही आठवण आहे.

आता वयाविषयी. माकुलाच्या डोक्यात, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात, तिळाहूनही लहान असा चुनखडीचा खडा असतो. झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलये असतात, तशी या खड्यात दिवसाची वलये पडतात. खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा आणि वलये मोजावीत, की माकूल किती दिवसांचे होते ते कळते. पूर्वी नुसत्या लांबीवरून अंदाज बांधीत, तेव्हा माकूल दोन-तीन वर्षे जगत असावे असा समज होता. वलये मोजू लागल्यावर कळले की आपल्यासारख्या उष्ण समुद्रातील बहुतेक माकुलांचे सारे आयुष्य वर्षभराच्या आसपास आटोपते. जन्म, वाढ, अंडी आणि मृत्यू, सारे एवढ्या काळात. मादी समुद्राच्या तळाशी बोटांसारख्या लांबट, बुळबुळीत पिशव्यांत अंडी चिकटवते. पिलांचे संगोपन करायला ती थांबत नाही.

एवढे छोटे आयुष्य असले, की त्यातील एकेका आठवड्याला किंमत येते. आपल्या मुलाला एक महिना ताप आला तर त्याची उंची कायमची खुंटत नाही, पुढे भरून निघते. माकुलाचा एक महिना म्हणजे आयुष्याचा बारावा हिस्सा. त्या महिन्यात पाणी कसे होते, यावर त्याचे पुढचे सारे अवलंबून असते.

पाण्यात मुख्यत्वे काय पाहायचे? तपमान, अन्न, प्राणवायू आणि खारटपणा. आपण एकेक घेऊ.

पहिले तपमान. माकूल थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी कोमट झाले की अंडी लवकर फुटतात, पिलू जास्त खाते आणि भराभर वाढते. किती भराभर, हे समजण्यासाठी आठवीतली चक्रवाढ आठवा. समजा, एक पिलू रोज ५ टक्के वाढते आणि दुसरे, थोड्या उबदार पाण्यातले, रोज ६ टक्के वाढते. फरक एका टक्क्याचा. ९० दिवसांनी पहिल्याचे वजन मूळच्या सुमारे ८१ पट होईल आणि दुसऱ्याचे सुमारे १९० पट! माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी जाऊन गणित करून पाहा. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण तत्त्व खरे आहे. अमेरिकेत टेक्सास येथे माकुलांची पैदास करणारे जॉन फॉर्साइथ यांनी १९९३ साली नेमका हाच तर्क मांडला, की बालपणी पाण्याच्या तपमानात पडलेला लहानसा फरक पुढे आकारात प्रचंड फरक पाडतो. ज्या मोसमात पाणी हळूहळू तापत असते, त्या मोसमात महिनाभर उशिरा जन्मलेले पिलू आधी जन्मलेल्याला गाठून पुढेही जाऊ शकते. म्हणजे मोठे ते वयानेही मोठे, हा आपला नेहमीचा हिशेब येथे चालत नाही.

पण उष्णतेला दुसरी बाजू आहे. ऊब वाढ जशी लवकर करते तशीच प्रौढताही लवकर आणते. अंडी तयार होऊ लागली की खाल्लेले अन्न अंगाला लागण्याऐवजी अंड्यांकडे वळते. त्यामुळे उष्ण पाण्यातले माकूल लवकर वाढते, लवकर पिकते आणि बरेचदा लहान आकारातच आयुष्य संपवते. थंड पाण्यातले सावकाश वाढते, पण जास्त दिवस वाढते.

दुसरे अन्न. नुसती ऊब आहे आणि ताटात काही नाही, तर काय उपयोग? माकूल मांसाहारी आहे. लहानपणी सूक्ष्म कोळंबीवर्गीय जीव, पुढे कोळंबी, छोटे मासे, आणि वेळ पडली तर आपल्याच जातीची पिल्लेदेखील खाते. चरबीचा साठा ते फारसा करीत नाही, म्हणून उपासमार झाली की वाढ लगेच थांबते. याचे प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे आहे. तेथे एरवी तळाचे थंड, खतासारख्या क्षारांनी भरलेले पाणी वर येते आणि समुद्र पिकतो. १९९७-९८ साली मोठा एल निनो आला. पाणी तापले, तळाचे पाणी वर येईना, अन्न आटले. तेथील माकुलांची मासेमारी १९९८ मध्ये जवळजवळ बसली. जी माकुले मिळाली ती लहान आणि हळू वाढलेली होती. पुढे थंड पाणी परतले आणि माकुले पुन्हा मोठी व मुबलक मिळू लागली. गरम पाण्यात वाढ भराभर होते असे मी आत्ताच म्हणालो, आणि येथे गरम पाण्यात वाढ खुंटली. यात विरोध नाही. ऊब भूक वाढवते, पण भूक भागवणे तिच्या हाती नाही.

तिसरा प्राणवायू. माकुलाचे रक्त निळसर असते, कारण त्यात लोहाऐवजी तांबे असते. त्याला हृदये तीन. पाण्याची पिचकारी सोडून ते पळते आणि या पळण्याला प्राणवायू फार लागतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले, की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस तळाच्या पाण्यातला प्राणवायू फार खाली जातो आणि ही स्थिती तीव्र होत चालली आहे. मोठे माकूल तेथून पळून जाऊ शकेल, तळाला चिकटलेली अंडी कोठे जाणार?

चौथा खारटपणा. नदीत किंवा तळ्यात राहणारे माकूल जगात कोठेही नाही. त्याच्या साऱ्या गोतावळ्यात गोड्या पाण्याचा जीव एकही नाही. पावसाळ्यात उल्हास, वैतरणा, मिठी यांचे पाणी खाड्यांतून समुद्रात येते, किनाऱ्यालगतचे पाणी फिके आणि गढूळ होते. ते माकुलाला मानवत नाही.

आता हे चारही धागे घेऊन आपल्या समुद्राचे वर्ष पाहा. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे, थंड वारे येतात. अरबी समुद्राच्या उत्तर भागातले वरचे पाणी थंड होऊन खाली जाते, खालचे क्षार वर मिसळतात आणि अन्नाची चांगली पैदास होते. मुंबईजवळ या दिवसांत पाणी साधारण २४-२५ अंशांवर असते. मे महिन्यात तेच ३० अंशांपर्यंत चढते. मग पावसाळा, फिके पाणी, वादळ आणि नौका किनाऱ्यावर. त्यानंतर कमी प्राणवायूचे दिवस, मग पुन्हा हिवाळा. आपले माकूल थोडीफार अंडी वर्षभर घालते. म्हणून समुद्रात एका वेळी त्याच्या अनेक तुकड्या शिकत असतात, जशा आपल्या शाळेत अ, ब, क तुकड्या असतात. जानेवारीच्या तुकडीला एक पाणी मिळाले, मेच्या तुकडीला दुसरे. दोन पाट्यांमधला तो फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर येथे सापडते.

पण माझ्या मनावर सर्वांत परिणाम केला तो मेक्सिकोच्या एका उदाहरणाने. कॅलिफोर्नियाच्या आखातात महाकाय माकूल मिळते. एरवी ते वर्ष-दीड वर्ष वाढते आणि त्याचे नुसते धडच अर्ध्या मीटरहून लांब होते. २००९-१० च्या एल निनोनंतर तेथे भलतेच दृश्य दिसू लागले. धड ३० सेंटीमीटरसुद्धा नाही, वय सहा महिन्यांच्या आसपास, आणि माकूल प्रौढ! प्रथम वाटावे की ही वेगळी जातच आहे. पण जात तीच होती. पाणी बिघडले, अन्न कमी झाले, तेव्हा त्या जिवाने जणू हिशेब केला, की मोठे होण्याची वाट पाहण्यात धोका आहे, आहे तेवढ्यावर संसार उरकून घ्यावा. शास्त्रज्ञांनी २०१३ साली हे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी या लवचिकपणाचे कौतुकच केले. जात टिकली हे खरे. पण प्रत्येक माकूल मात्र लहानच राहिले.

असो. आता मी बाजारात काढलेल्या उद्गारांकडे परत येतो. लहान माकूल पाहून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक, ते खरोखर पिलू आहे आणि वाढण्याआधीच पकडले गेले. दुसरा, ते प्रौढ आहे, पण पाण्याने त्याला घाई करायला लावली. पहिल्या बाबतीत जाळ्याची भोके मोठी ठेवावी लागतील. दुसऱ्या बाबतीत केवळ तेवढ्याने काही साधणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली आणि त्याहून लहान मासळी पकडण्यास मनाई केली. हा नियम चांगला आहे, लहान पिल्ले जाळ्यात येतात हे कोळी बांधवही नाकारीत नाहीत. पण माकुलासारख्या जिवाच्या बाबतीत पट्टीने लांबी मोजली तरी पोट उघडून पाहावेच लागते, आणि तेही दर मोसमात. आमच्या मावशींनी तेच केले होते. मी लांबी पाहिली, त्यांनी पोट पाहिले.

हे पाहण्याचे काम करणाऱ्या संस्था आपल्या शेजारी आहेत, हे किती पालकांना ठाऊक आहे? १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आपल्या अंधेरीत, वर्सोव्याला आहे. तेथे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालते. १९४७ साली सुरू झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्रही वर्सोव्यालाच आहे. त्यांची माणसे बंदरावर जाऊन मासळीची लांबी, वजन, अंड्यांची अवस्था यांची नोंद ठेवतात. याच संस्थेने १९८५ साली डॉ. ई. जी. सायलस यांच्या संपादनाखाली भारतातील माकुलवर्गीय प्राण्यांवर मोठा ग्रंथ काढला. या संस्थेचे आणि पुढे गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविणारे डॉ. सय्यद जहूर कासिम हे अलाहाबादला जन्मलेले, अलीगढला शिकलेले. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१-८२ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली गेली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा आगबोटीवर खलाशी होते, कित्येकांचे नातलग आजही मिरकरवाड्याला, हर्णैला नौकेवर जातात. समुद्र आपल्या घरात आहे. मग समुद्रशास्त्र आपल्या घरात का नसावे?

हे शास्त्र आता चैनीचे राहिलेले नाही. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले, की त्या भागात गेल्या सहा दशकांत समुद्रातील सूक्ष्म वनस्पती २० टक्क्यांपर्यंत घटल्या आहेत. सगळ्या मासळीचे अन्न शेवटी त्यांच्यापासूनच सुरू होते. ऊब वाढली, ताट रिकामे झाले, तर आपल्या किनाऱ्यावर पुढे कोणती माकुले दिसतील, हे आजपासून मोजले तरच उद्या कळेल.

पालकहो, आता थोडे आपल्याविषयी. मी माकुलाविषयी वाचीत होतो त्याच महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाने शाळा सोडली. वडिलांचे काम सुटले होते. मुलाला गॅरेजवर लावले. मी घरी गेलो तेव्हा त्याची आई कौतुकाने म्हणाली, "सर, आमचा मुलगा वयाच्या आधी मोठा झाला." मला काही बोलता आले नाही. त्या माउलीचे चुकले असे मी म्हणत नाही. घरात अन्न कमी पडले की घाई होते, हे मी नुकतेच वाचून आलो होतो. पण माकुलाला एकच वर्ष मिळते, आणि पाणी बदलणे त्याच्या हाती नसते. मुलासमोर साठ वर्षे असतात, आणि त्याच्याभोवतालचे पाणी म्हणजे तुम्ही-आम्ही. दोन वर्षांची फी, संध्याकाळची अभ्यासिका, एक जुना पुस्तकसंच, एवढ्याने ते बदलता येते. तो मुलगा आता बाहेरून दहावीला बसण्याची तयारी करतो आहे. गॅरेजचे मालक त्याला चार वाजता सोडतात. चार वाजता सोडणे म्हणजे काही मोठा दानधर्म नव्हे. पण तो तास त्याला मिळाला नसता, तर तो तेवढाच राहिला असता.

आणि शेवटी आम्हा शिक्षकांनाही एक गोष्ट. एकाच वयाची मुले एकाच मापाची असतील अशी अपेक्षा आपण करतो. जानेवारीची तुकडी आणि मेची तुकडी यांना एक पट्टी लावण्यापूर्वी, कोणाला कोणते पाणी मिळाले हे विचारावे.

आता विद्यार्थी मित्रांना एक काम. आपल्या विज्ञान मंडळातर्फे या वर्षापासून एक वही ठेवायची आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार मुलांनी आणि एका शिक्षकाने बाजारात जायचे, दहा माकुले विकत घ्यायची, प्रत्येकाच्या धडाची लांबी मोजायची, पोट उघडून आत अंडी आहेत की नाहीत ते पाहायचे आणि तारीख घालून लिहायचे. साधने म्हणाल तर पट्टी, विळी आणि पेन्सिल. मावशींनी मोजायला मदत करण्याचे कबूल केले आहे, मात्र त्यांची अट आहे की मास्तरांनी आधी भाषण करायचे नाही. मोजून झालेली माकुले घरी नेऊन शिजवायला हरकत नाही. वर्षभरात १२० नोंदी होतील. पुढच्या स्मरणिकेत ते कोष्टक छापू. कोणत्या महिन्यात आई सर्वांत लहान होती, हे तेव्हा आपण आपल्या मोजमापाने सांगू.

पालकांना एवढीच विनंती, की त्या रविवारी मुलाच्या हाताला मासळीचा वास आला तर रागावू नका.